पश्मीची आई कुठल्या गावची

माळेगावच्या यात्रेत श्वान प्रदर्शनाच्या मंडपापासून थोडं बाजूला, एका लिंबाखाली, एक वयस्क गृहस्थ पश्मी या देशी शिकारी कुत्र्याची दोन पिल्लं घेऊन बसले होते. मार्गशीर्ष संपत आला होता. नांदेडकडची ती कोरडी थंडी, उन्हात बसलं तरी पाठीला लागणारी. पिल्लं खताच्या रिकाम्या पोत्यावर एकमेकांच्या मानेवर मान टाकून झोपली होती. त्यांची आई शेजारी उभी होती. फिकट बदामी रंगाची, कानांना आणि शेपटीच्या खालच्या अंगाला रेशमासारखे लांब केस, पोट आत गेलेलं आणि कमरेची दोन हाडं वर आलेली. ज्याला हे कुत्रं माहीत नाही तो म्हणेल, बिचारीला उपाशी ठेवलंय. एक तरुण आला, हातात मोबाइल, पायांतले पांढरे बूट यात्रेच्या धुळीने माखलेले. त्याने पिल्लं उचलून पाहिली, आईभोवती एक फेरी मारली आणि विचारलं, "मामा, कागद आहेत का?" मामांनी विचारलं, कसले. "केसीआयचे, केनेल क्लबचे. नोंदणीचे." मामा म्हणाले, "हिची आई जानवळची. तिची आई आमच्याच घरची, थोरल्या भावाकडं होती. बाप अहमदपूरकडचा, आता मेला तो. लई पळायचा." मुलाने ऐकून घेतलं आणि मोबाइलवर एक फोटो काढून दाखवला. कोपरापर्यंत उतरलेली छाती, जाड मान, चकचकीत काळं कुत्रं. "असं होईल का हे?" मामांनी मोबाइल लांब धरून निरखून पाहिला. "न्हाई होणार," ते म्हणाले. "हे येगळंच हाय." मुलगा पुढे गेला. तिकडे एका टेम्पोजवळ कुणीतरी थोराड हाडांची पिल्लं विकायला आणली होती, आणि त्यांचे कागदही होते, असं नंतर कळलं.

एवढंच झालं. पण ते मला आजवर सलतंय. मुलगा वावगं काही मागत नव्हता. पैसे मोजून घ्यायचं जनावर, त्याचे आईबाप कोण हे लिहून मागितलं तर त्यात गैर काय? मामाही काही लपवत नव्हते; त्यांनी तर विचारलं त्याहून जास्त सांगितलं. चार पिढ्यांची वंशावळ, गावांच्या नावांसकट, तोंडपाठ. आणि तरी त्या दोघांमध्ये व्यवहार होऊ शकला नाही. जे कुत्रं खरं पश्मी होतं त्याला कागद नव्हता, आणि ज्याला कागद होता त्याच्या अंगात ग्रेहाउंड या विलायती शर्यतीच्या कुत्र्याचं रक्त आहे हे जाणत्या माणसाला दहा पावलांवरून दिसत होतं.

माळेगावला प्रदर्शन पाहायला जाणाऱ्यांना सांगायला नको की तिथलं वातावरण शहरातल्या 'डॉग शो'सारखं नसतं. खंडोबाची यात्रा ती. भंडाऱ्याने पिवळी झालेली वाट, एकीकडे घोडे, एकीकडे गाढवं आणि उंट, तमाशाच्या राहुट्यांवरून येणारा ढोलकीचा आवाज. ज्या देवाच्या पायाशी कुत्रं असतं त्या देवाच्या दारात कुत्र्यांना मान मिळतो, यात कुणाला नवल वाटत नाही. कारवानी, म्हणजे आखूड केसांचं तसंच शिकारी कुत्रं, आणि पश्मी घेऊन माणसं लातूर, परभणी, सोलापूरकडून येतात. धोतरातले म्हातारे येतात, तशी जीन्स घातलेली पोरंही येतात. कुत्र्याच्या गळ्यात कवड्यांची माळ, पाठीवर शिवून घेतलेली झूल. परीक्षक येतात, पाहतात, नंबर काढतात. ज्याला नंबर मिळत नाही तो रागावतो, परीक्षकाला काय कळतंय म्हणतो, आणि पुढच्या वर्षी पुन्हा येतो. खरा निवाडा मात्र मंडपाच्या बाहेर, चहाच्या टपरीवर चालतो. तिथे कुणी कुत्र्याच्या कमरेच्या दोन हाडांमध्ये आपली चार बोटं आडवी ठेवून पाहतो, कुणी पंजा उलटा करून गादी दाबतो, कुणी मांडीवरची कातडी चिमटीत धरून सोडतो. आणि पहिला प्रश्न ठरलेला असतो: आई कुठल्या गावची?

आमच्या घरी कारवानी होता. औसा तालुक्यातलं आमचं गाव, काळी रानं, ज्वारी आणि तूर. आजोबांच्या त्या कुत्र्याला मी लहानपणी कधी हात लावू शकले नाही, कारण त्याला आजोबांशिवाय कुणी हात लावलेला चालायचा नाही. तो भुंकायचा नाही, चावायचा तर मुळीच नाही. फक्त हात जवळ आला की अंग आक्रसून बाजूला व्हायचा आणि दुसरीकडे बघायचा. ताकात चुरलेली ज्वारीची भाकरी खायचा, आठवड्याच्या बाजारादिवशी थोडं काही वेगळं मिळायचं. हिवाळ्यात आजोबा आणि त्यांचे दोन सोबती पहाटे कुत्री घेऊन पडीक रानात जायचे. परवान्याशिवाय ससा मारायला कायद्याने बंदी येऊन तेव्हा बरीच वर्षं झाली होती, १९७२ चा वन्यजीव कायदा, पण आमच्या शिवारात तो पोचला नव्हता असंच म्हणायचं. मला कधी नेलं नाही. मी पाहिलं ते परतणं. कुत्रा ओट्यावर आडवा पडायचा, श्वास इतका जोरात की बरगड्यांचा भाता दिसायचा, आणि आजोबा कंदील जवळ ओढून त्याच्या बोटांच्या बेचक्यांतली कुसळं एकेक करून काढायचे. मग हळद-तेल. तेवढा वेळ तो कुत्रा पाय त्यांच्या हातात सोडून द्यायचा, अगदी सैल. ससा आजीने कधी चुलीवर चढू दिला नाही; गोठ्यामागे तीन दगड मांडून पुरुष मंडळी काय ते करायची. मेलेल्या सशाचे उघडे डोळे मी पाहिलेले आहेत आणि आज ससे वाचतात याचं मला मनापासून बरं वाटतं. पण हेही तितकंच खरं की ते कुत्रं त्या सशाने घडवलं होतं. तो लांब जबडा, ती नजर, ते आत गेलेलं पोट, तो वाऱ्यावर आडवा पडल्यासारखा वळणारा कणा, यांतलं काहीही कुणी चांगलं दिसावं म्हणून ठरवलं नव्हतं. जो पोचला त्याची पिल्लं ठेवली, जो नाही पोचला त्याची नाही.

मग भूकंप झाला, १९९३ चा. आमचं गाव नव्या जागी गेलं, चौकोनी घरं, आखलेले रस्ते. ओटे गेले. आजोबांनी पुढे कुत्रं पाळलं नाही.

पुण्यात आल्यावर, बऱ्याच वर्षांनी, मी पहिल्यांदा कारवानीला प्रदर्शनाच्या रिंगमध्ये पाहिलं. केनेल क्लब ऑफ इंडियाच्या नोंदीत त्याचं नाव कारवान हाउंड, आणि दुसऱ्या एका राष्ट्रीय क्लबच्या नोंदीत मुधोळ हाउंड, कुत्रं तेच. हिरवं जाजम, पांढऱ्या साखळ्या, मंडपात फवारे आणि पावडरचा वास. पलीकडच्या रिंगमध्ये लॅब्राडॉर, त्यापलीकडे हस्की जिभा लांबवून कूलरसमोर बसलेले. कारवान घेऊन आलेला मुलगा इंजिनिअर होता. रात्रभर गाडी चालवून आला होता, कुत्र्याला वाटेत पाणी पाजायला तीनदा थांबलो म्हणाला. परीक्षक बाई परदेशातून आलेल्या, मोठ्या जाणत्या. त्यांनी आधी कुत्र्याला चालताना पाहिलं आणि त्या क्षणी त्यांच्या चेहऱ्यावर जे उमटलं ते मी विसरणार नाही. सुंदर काहीतरी पाहिल्यावर माणूस क्षणभर काम विसरतो, तसं. मग त्या जवळ आल्या, हात पुढे केला, आणि कुत्रं आक्रसलं. त्यांनी घाई केली नाही. पुन्हा हात पुढे केला. तो पुन्हा बाजूला झाला आणि दुसरीकडे बघू लागला. दात पाहायचे असतात, खांदा चाचपायचा असतो, नियम आहे. शेवटी बक्षिसाची पट्टी दुसऱ्याच कुत्र्याला मिळाली, जे हात लावू देत होतं.

मी त्या मुलाशी बोलले. तो नाराज नव्हता. म्हणाला, पुढच्या पिढीत स्वभाव सुधारायला हवा. एक मवाळ नर पाहून ठेवलाय. मला आजोबांचं कुत्रं आठवलं आणि मी गप्प बसले. 'सुधारणा' अशीच होते. कुणाच्या मनात वाईट नसतं. अनोळखी हाताला अंग देणारं कुत्रं जिंकतं, त्याला मागणी येते, त्याची पिल्लं वाढतात, आणि चार-पाच पिढ्यांत तो जुना अलिप्तपणा निघून जातो. तो गेला हे कुणाच्या लक्षातही येत नाही, कारण पट्टीवर त्याची नोंद नसते.

तरीही रिंगवाल्यांना मी वाईट म्हणणार नाही. गावातल्या लोकांनी हे कुत्रं टाकून दिलं, जर्मन शेफर्ड आणि मग पिटबुलच्या मागे लागले, त्या काळात या शहरातल्या काही वेड्या माणसांनीच कारवान जपला. पगारातले पैसे घातले, खेडोपाडी फिरले, फ्लॅट सोडून गावाबाहेर जागा घेतल्या. त्यांच्या व्हॉट्सअॅपवर रात्री एक वाजता कुत्रीच्या बाळंतपणाच्या बातम्या फिरतात, आणि पिल्लू दगावलं तर मोठमोठी माणसं रडतात. प्रदर्शन बंद झालं तर यांतली निम्मी माणसं विखुरतील आणि त्यांच्यासोबत हे ज्ञानही जाईल. प्रश्न त्यांच्या प्रेमाचा नाहीच. ते प्रेम ज्या साच्यात ओतलं जातंय त्या साच्याचा आहे.

तो साचा आपला नाही. १८५९ साली इंग्लंडात न्यूकॅसलला पहिलं नोंदलेलं श्वान प्रदर्शन भरलं तेव्हा त्यात फक्त पॉइंटर आणि सेटर होते, शिकारीची कामकरी कुत्री, आणि विजेत्यांना बक्षीस म्हणून बंदुका दिल्या होत्या. म्हणजे तिथेही सुरुवात रानातूनच झाली. १८७३ ला तिथला केनेल क्लब निघाला, वंशावळींच्या वह्या सुरू झाल्या, आणि पुढे त्या वह्यांची दारं बंद होत गेली: आईबाप दोघं वहीत असतील तरच पिल्लू वहीत. ऐकायला किती चोख वाटतं. पण बंद वहीत बाहेरून नवं रक्त येत नाही, आणि आतलं मात्र दर पिढीला आटतं, कारण सगळ्यांना मादी न्यायची असते ती एकाच विजेत्या नराकडे. २००८ साली लंडनच्या इम्पीरियल कॉलेजच्या शास्त्रज्ञांनी वंशावळींचा हिशेब मांडला तेव्हा दिसलं की ब्रिटनमधल्या सुमारे १०,००० पगांची आनुवंशिक विविधता जेमतेम ५० कुत्र्यांइतकी आहे. दहा हजार दारांत दहा हजार कुत्री उभी, आणि आत पन्नासच. त्याच वर्षी बीबीसीने एका माहितीपटात या जातिवंत कुत्र्यांचे हाल दाखवले आणि पुढच्या वर्षी क्रफ्ट्स या तिथल्या मोठ्या श्वान प्रदर्शनाचं प्रक्षेपणच थांबवलं. बाप-मुलगी, आई-मुलगा, सख्खे बहीणभाऊ यांच्या पिल्लांची नोंदणी तिथल्या केनेल क्लबने बंद केली ती २००९ मध्ये. त्याआधी ती चालत होती, हे मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा पान उलटून पुन्हा वाचलं.

आपल्याकडच्या वाचकाला पगची ओळख वेगळी सांगायला नको. २००३ च्या सुमारास हच या मोबाइल कंपनीच्या जाहिरातीत तो मुलाच्या मागे मागे चालत गेला आणि घराघरांत शिरला. मी लातुरात मे महिन्यात पग पाहिलेला आहे. दुपारचे अडीच, वीज गेलेली, आणि तो फरशीवर पोट टेकून पडलेला. प्रत्येक श्वासाला घशातून घोरल्यासारखा आवाज. घरातली मुलगी ओल्या फडक्याने त्याचं अंग पुसत होती आणि म्हणत होती, "तो असाच गोड आवाज काढतो." तिला कुणी सांगितलेलंच नव्हतं की कुत्र्याच्या श्वासाला आवाज नसतो. चपट्या नाकात हवा जायला वाट राहत नाही, आणि कुत्रं अंगाची उष्णता बाहेर टाकतं ती मुख्यतः त्याच वाटेने. इंग्लिश बुलडॉगची गोष्ट आणखी पुढची. ब्रिटनमधल्या एका पाहणीत त्यांची ८० टक्क्यांहून जास्त बाळंतपणं पोट कापून करावी लागल्याचं दिसलं, कारण डोकं मोठं आणि आईची कंबर अरुंद. आपण आवड म्हणून असा देह घडवला, ज्याला जन्म घ्यायलाही डॉक्टर लागतो.

आता तिकडचे कायदेच हा प्रश्न विचारू लागले आहेत. नेदरलँड्सने २०१९ पासून नाकाडाची लांबी आणि कवटीची लांबी यांचं माप धरून अति चपट्या तोंडाच्या कुत्र्यांची पैदास रोखली. नॉर्वेत प्राणी-कल्याणवाल्यांनी खटला भरला. तो सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि २०२३ मध्ये कॅव्हेलियर जातीची सध्याची पैदास कायद्याविरुद्ध आहे असा निकाल लागला. म्हणजे 'जातिवंत' हेच जिथे एकेकाळी प्रमाणपत्र होतं, तिथे आता ते आरोपपत्र झालंय. क्रफ्ट्सची हिरवी जाजमं अजून पसरली जातात, पण त्यावर उभं राहणाऱ्यांच्या पायाखाली ती पूर्वीसारखी पक्की राहिलेली नाहीत.

आणि अगदी याच वेळी आपण आपली वही उघडतोय.

२००५ साली टपाल खात्याने चार देशी कुत्र्यांची तिकिटं काढली, त्यांत मुधोळ हाउंड होता. मुधोळच्या घोरपडे राजांनी इंग्लंडच्या राजाला ही कुत्री भेट दिली, ही गोष्ट आमच्याकडे पोराटोरांना माहीत असते. मुधोळजवळ तिम्मापूरला कर्नाटकच्या पशुवैद्यकीय विद्यापीठाचं संशोधन केंद्र आहे. मेरठला लष्कराने मुधोळ कुत्र्यांना शिकवून पाहिलं. ऑगस्ट २०२० मध्ये पंतप्रधानांनी 'मन की बात'मध्ये देशी कुत्री पाळा म्हणून सांगितलं, आणि पिल्लांचे भाव कुठल्या कुठे गेले. कर्नालच्या राष्ट्रीय पशु आनुवंशिक संसाधन ब्युरोने राजपालयम आणि चिप्पीपराईबरोबर मुधोळ हाउंडचीही जात म्हणून नोंद केली. हे सगळं ऐकून आनंद होतो, खोटं कशाला बोलू. पण मागणी वाढली की काय होतं ते मी टेम्पोजवळ पाहिलं. शहरातल्या गिऱ्हाइकाला मोठं, भारदस्त, फोटोत उठून दिसणारं हवं असतं. ग्रेहाउंड लावला की एका पिढीत छाती उतरते, उंची वाढते, पहिल्या दोनशे पावलांचा वेग वाढतो. पण ढेकळांच्या रानात, उन्हात, दोन-तीन मैल पळून परत घरी चालत येणं, वर ताक-भाकरीवर राहणं, हे जे शतकानुशतकं कमावलेलं होतं ते त्याच एका पिढीत सांडतं. आणि पश्मीचं तर याहून अवघड. कारवानीला निदान वहीत स्वतःची ओळ आहे. कानाला केस असलेली ही बहीण वहीत कारवानीच्या पोटात जाते किंवा राहूनच जाते. लातूर, नांदेड, सोलापूरच्या काही गावांत ती शिल्लक आहे ती मामांसारख्यांच्या तोंडपाठ गावांवर.

शेजारी एक उदाहरण आहे म्हणून मला जास्त लागतं. याच मुलखातली देवणी आणि लाल कंधारी जनावरं. त्यांचीही प्रदर्शनं भरतात, माळेगावला तर लाल कंधारीचा थाट बघावा. पण देवणीचा बैल नुसता रंगावर जिंकत नाही. त्याला औत ओढायचं असतं, गाईला दूध द्यायचं असतं. शेतकरी खुरं बघतो, खांदा बघतो, कास बघतो. काम समोर उभं असतं म्हणून रूप वाहवत जात नाही. कुत्र्याचं काम आपण कायद्याने काढून घेतलं, आणि ते काढून घ्यायलाच हवं होतं. त्या जागी दुसरं काय ठेवायचं हे मात्र कुणी ठरवलं नाही. मग जागा रूपाने भरली. मला वाटतं, ससा नको, पण धाव हवी. मोकळ्या रानात, चिंध्यांचं आमिष दोरीने ओढत नेऊन, ढेकळांवरून, वळणं घेत. पैजा नकोत, पैसा नको, दमलेल्या कुत्र्याला पुन्हा जुंपणं नको. पळून आल्यावर पंधरा मिनिटांनी त्याचं हृदय कसं चाललंय हे डॉक्टरने बघावं आणि मग नंबर काढावेत. बारा वर्षांची कुत्री मंडपात स्वतःच्या पायांनी चालत आली तर तिला सगळ्यांत मोठा मान द्यावा. परीक्षकाने हात लावायचा तर मालकाच्या हातावरून लावावा. वही असावी, नक्की असावी, नाहीतर हे कुत्रं ग्रेहाउंडच्या रक्तात विरघळून जाईल. पण ती वही उघडी असावी. मामांच्या पश्मीला बिनकागदाची म्हणून बाहेर ठेवणारी वही आम्हाला नको. उदगीरला आणि परभणीला पशुवैद्यकीय महाविद्यालयं आहेत, दोन्ही पश्मीच्या पट्ट्यात. तिथल्या पोरांनी गावोगाव फिरून थोडं रक्त घ्यावं, म्हाताऱ्यांच्या तोंडच्या वंशावळी उतरवून घ्याव्यात, एवढंच. डाल्मेशियनच्या लोकांनी काय सोसलं ते डोळ्यांसमोर आहे. त्या जातीत युरिक अॅसिडचा दोष शिरलेला होता. १९७३ मध्ये अमेरिकेत एका शास्त्रज्ञाने एकदाच पॉइंटरशी संकर करून तो दोष काढण्याची वाट दाखवली, आणि शुद्धतेच्या नावाखाली तिथल्या केनेल क्लबने ती पिल्लं आत घ्यायला २०११ उजाडवलं. मधल्या वर्षांत मूतखड्यांनी तळमळलेल्या कुत्र्यांचा हिशेब कुणी द्यायचा?

सरकारचं पाऊल कुठे पडेल सांगता येत नाही. २०१७ चे पैदाशीचे नियम चांगले आहेत: पैदास करणाऱ्याची राज्याच्या प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी हवी, आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकायचं नाही, मादी किमान १८ महिन्यांची झाल्याशिवाय तिची पैदास नाही. पण ते पाळतो कोण? मग मार्च २०२४ मध्ये केंद्राने एकदम २३ जातींची 'हिंस्र' म्हणून यादी काढली, कर्नाटक आणि दिल्लीच्या उच्च न्यायालयांनी महिना-सव्वा महिन्यात ती रद्द केली, कारण कुणाला विचारलंच नव्हतं. एकीकडे रस्त्यावरच्या कुत्र्यांवरून शहरं भांडतायत, एकीकडे आश्रयगृहांत सोडून दिलेले हस्की आणि सेंट बर्नार्ड वाढतायत. माझ्या ओळखीच्या तिथल्या ताई म्हणतात, नवं कुत्रं जन्माला घालणं हेच आता पाप आहे. त्या दिवसाला जे बघतात ते मी बघितलं असतं तर मीही असंच म्हटलं असतं. पण पश्मी जन्मालाच घालायची नाही असं ठरवलं तर ती पंधरा वर्षांत संपेल, आणि मग पुन्हा घडवायला ना तो ससा असेल ना ते आजोबा. त्या ताईंशी माझं यावर एकमत होत नाही. बोलणं मात्र चालू आहे.

गावाकडे माझ्या चुलतभावाच्या मुलाने गेल्या वर्षी पश्मीची मादी आणली. आजोबांनंतर आमच्या घरात पहिल्यांदाच. दिवाळीनंतर ती माजावर येईल, तेव्हा दोन वर्षांची झालेली असेल, आणि कोणता नर लावायचा यावरून घरात सध्या दोन तट आहेत. पोराला पुण्याचा चॅम्पियन नर हवाय, कागद आहेत, पिल्लं हातोहात जातील, आणि त्याचं शिक्षण अजून व्हायचंय, पैशाची गरज आहे हेही खरं. दुसरा नर अहमदपूरजवळचा, बिनकागदाचा, कानाला भरघोस केस, नऊ वर्षांचा असून अजून बांध एका उडीत ओलांडतो म्हणे. मी अहमदपूरच्या बाजूने आहे. पोराला म्हटलंय, आधी मंडळाकडे नोंदणीचा अर्ज भर, चार पिल्लं विकली गेली नाहीत तर मी ठेवून घेईन, आणि विकलीस तर शेत असलेल्या माणसालाच वीक. तो "बघू आत्या" म्हणालाय. त्या नराचे पंजे आणि गुडघे आमच्यापैकी कुणी पाहिलेले नाहीत, त्याची आई किती वर्षं जगली तेही विचारायचं राहिलंय. पुढच्या रविवारी आम्ही दोघं अहमदपूरला जातोय.